कोडाईकनाल वेधशाळेची सव्वाशे वर्षं

१८७६ ते १८७८ या काळात मद्रास इलाखा, म्हैसूर आणि दख्खनमध्ये पडलेल्या दुष्काळात लाखो माणसं मेली. त्यानंतर झालेल्या चौकशांमध्ये सरकारपुढे एक प्रश्न पुन्हा पुन्हा येत राहिला: पाऊस केव्हा दगा देणार, हे आधी कळण्याचा काही मार्ग आहे का? त्या काळी या प्रश्नावर सूर्याकडे बोट दाखवणारे बरेच होते. जर्मनीतल्या देसाउ गावच्या हाइनरिख श्वाबे या औषधविक्रेत्याने सतरा वर्षं सौरडाग मोजून १८४३ साली दाखवून दिलं होतं, की डागांची संख्या साधारण दहा वर्षांच्या फेऱ्याने वाढते आणि घटते. १८७७ साली नॉर्मन लॉकियर आणि विल्यम हंटर यांनी मद्रासच्या पावसाची सांगड या फेऱ्याशी घातली. डाग विरळ असतात तेव्हा दुष्काळ पडतो, असं त्यांचं म्हणणं होतं. ते खरं असेल तर सूर्यावर रोज नजर ठेवायला हवी होती. १८७८ पासून डेहराडूनला सर्व्हे खात्याने सूर्याचे रोजचे फोटो काढायला सुरुवात केली. पुढे दक्षिणेत खास सूर्यासाठी वेधशाळा असावी, हा विचार जोर धरू लागला.

तो संबंध टिकला नाही, हे आधीच सांगून टाकतो. हवामान खात्याचे प्रमुख गिल्बर्ट वॉकर यांनी पुढे पावसाचे आणि डागांचे आकडे शेजारी मांडून कसून तपासले. मान्सूनचं भाकीत ज्याच्या आधाराने करता येईल, असं काही त्यातून निघालं नाही. ज्या कामासाठी ही वेधशाळा उभी राहिली ते काम तिच्या हातून झालं नाही. पण त्या निमित्ताने तिला एक शिस्त लागली. आकाश मोकळं असेल त्या प्रत्येक दिवशी सूर्याचा फोटो काढायचा, त्यावर तारीख-वेळ घालायची आणि तो जपून ठेवायचा. माझ्या मते या संस्थेची खरी मिळकत हीच आहे. म्हणून या लेखात शोधांइतकीच जागा, ज्यांवर ते फोटो घेतले त्या काचेच्या प्लेटींना दिली आहे.

मद्रासच्या नुंगमबाक्कम भागात ईस्ट इंडिया कंपनीची वेधशाळा १७९२ पासून होती. तिचे प्रमुख नॉर्मन पॉगसन १८९१ साली वारले. त्यांच्या जागी मद्रास ख्रिश्चन कॉलेजातले भौतिकशास्त्राचे प्राध्यापक चार्ल्स मिची स्मिथ आले. समुद्रकाठच्या दमट, धुळकट हवेत सूर्याचे बारकावे दिसणार नाहीत, हे त्यांना माहीत होतं. निलगिरी आणि पळणी या दोन्ही डोंगररांगांची पाहणी करून त्यांनी पळणीतलं कोडाईकनाल निवडलं. उंची सुमारे २,३४३ मीटर. ऑक्टोबर १८९५ मध्ये मद्रासचे गव्हर्नर लॉर्ड वेनलॉक यांच्या हस्ते पायाभरणी झाली आणि १ एप्रिल १८९९ रोजी कारभार मद्रासहून वर हलला. घाटातून मोटार चढण्याच्या आधीचे ते दिवस होते. सगळं सामान पायवाटेने, माणसांच्या बळावर वर गेलं. १ एप्रिल २०२४ रोजी या घटनेला सव्वाशे वर्षं झाली.

आता थोडं महाराष्ट्राकडे वळतो. या वेधशाळेच्या घडणीत आपल्या भागाचा वाटा आहे, पण तो फारसा कुणाला ठाऊक नाही.

पुण्याच्या कॉलेज ऑफ सायन्समध्ये, म्हणजे आजच्या सीओईपीत, कावसजी दादाभाई नायगमवाला नावाचे प्राध्यापक होते. १८८२ साली भावनगरचे महाराज तख्तसिंगजी यांनी त्यांना पाच हजार रुपयांची देणगी दिली आणि मुंबई सरकारने तेवढीच भर घातली. नायगमवाला इंग्लंडला जाऊन तिथल्या ज्योतिर्विदांचा सल्ला घेऊन आले. १८८८ मध्ये पुण्यात महाराजा तख्तसिंगजी वेधशाळा सुरू झाली. तिथली वीस इंची परावर्तक दुर्बीण त्या काळी देशातली सर्वांत मोठी होती. ताऱ्यांच्या आणि सूर्याच्या प्रकाशाचं वर्णपटाने पृथक्करण करणारी भारतातली ही पहिली आधुनिक वेधशाळा. एका माणसाच्या हिंमतीवर ती उभी होती आणि तो माणूस निवृत्त होताच, १९१२ साली, ती बंद झाली. उपकरणं कोडाईकनालला पाठवण्यात आली. पुण्याला हे दालन टिकवता आलं नाही, याची खंत वाटते. दुर्बीण मात्र वाया गेली नाही. भावनगर दुर्बीण या नावाने तिने पुढे कोडाईकनालला काम केलं.

दुसरा धागा २२ जानेवारी १८९८ च्या खग्रास सूर्यग्रहणाचा. ग्रहणाचा पट्टा कोकणातून सोलापूर, वऱ्हाड असा ईशान्येकडे गेला आणि जगभरातले सूर्याभ्यासक महाराष्ट्रात उतरले. नायगमवाला करमाळ्याजवळच्या जेऊरला गेले. अमेरिकेच्या लिक वेधशाळेचे कॅम्पबेलही तिथेच होते. वऱ्हाडातल्या तळणीला ब्रिटिश ॲस्ट्रॉनॉमिकल असोसिएशनची तुकडी होती. तिच्यात वॉल्टर आणि ॲनी माँडर हे दांपत्य होतं आणि जॉन एव्हरशेड नावाचा हौशी निरीक्षकही. लॉकियर विजयदुर्गला होते. विजयदुर्ग किल्ल्यावर लॉकियर यांनी १८६८ च्या ग्रहणात हेलियम शोधला, असं आपल्याकडे हौसेने सांगितलं जातं आणि किल्ल्यावरचे ‘साहेबाचे ओटे’ त्याचा पुरावा म्हणून दाखवले जातात. ते बरोबर नाही. १८६८ मध्ये लॉकियर इंग्लंडमध्येच होते. विजयदुर्गला ते आले १८९८ च्या ग्रहणासाठी. किल्ल्याचं महत्त्व त्याने कमी होत नाही, पण साल नीट लिहिलं जावं.

तळणीच्या त्या तुकडीतले हे तिघे पुढे या विषयाच्या मध्यभागी येतात. सौरडागांचं चक्र पुढे सरकतं तसे नवे डाग विषुववृत्ताच्या अधिकाधिक जवळ उमटतात. हे एका आलेखावर मांडून फुलपाखराच्या पंखांसारखी आकृती माँडर दांपत्याने १९०४ साली जगापुढे ठेवली. आणि एव्हरशेड कोडाईकनालला आले.

एव्हरशेड यांचा पेशा रसायनशास्त्राचा, लंडनमधल्या एका उद्योगात नोकरी. सूर्याचा नाद मात्र लहानपणापासून. १९०७ च्या सुरुवातीला ते सहायक संचालक म्हणून रुजू झाले. वाटेत अमेरिकेत थांबून माउंट विल्सनला जॉर्ज हेल यांचं काम पाहून आले होते. त्यांच्या पत्नी मेरी स्वतः जाणकार निरीक्षक. दांतेच्या काव्यातल्या खगोलावरचं त्यांचं पुस्तक प्रसिद्ध आहे, पण कोडाईकनालच्या दृष्टीने त्यांनी केलेली सौरज्वालांची सूची अधिक मोलाची. डागांच्या सोबतीने उठणाऱ्या ज्वाला एकेक करून तपासून त्यांनी ती सिद्ध केली. वेधशाळेच्या पगारपत्रकात त्यांचं नाव नव्हतं.

एव्हरशेड येण्यापूर्वीच, १९०४ मध्ये, केंब्रिजच्या कंपनीने बनवलेला स्पेक्ट्रोहेलिओग्राफ वर पोचला होता, पण तो नीट चालता केला एव्हरशेड यांनी. हे यंत्र काय करतं ते समजून घेतल्याशिवाय पुढचं काही उमगणार नाही. साध्या फोटोत सूर्याचे सगळे रंग एकदम येतात आणि दिसतं ते फक्त झगझगीत बिंब आणि त्यावरचे डाग. स्पेक्ट्रोहेलिओग्राफमध्ये सूर्याची प्रतिमा एका अरुंद फटीवर पडते. फटीतून आत आलेला प्रकाश वर्णपटात पसरतो. त्यातली एकच रेषा, समजा कॅल्शियमची ‘के’ ही जांभळ्या टोकाकडची रेषा, दुसऱ्या फटीतून बाहेर काढायची आणि मागच्या प्लेटवर घ्यायची. मग फट संथ, एकसारख्या गतीने बिंबाच्या एका कडेपासून दुसऱ्या कडेपर्यंत सरकवायची. पट्टीला पट्टी जोडून कॅल्शियमच्या प्रकाशातला अख्खा सूर्य काचेवर उतरतो. सरकण्यात जरा हिसका बसला तर प्लेटवर रेघोट्या उठतात. त्या प्रतिमेचा व्यास ६ सेंटिमीटर. पांढऱ्या प्रकाशातल्या फोटोत सूर्य जवळजवळ २० सेंटिमीटरचा भरतो. काम सकाळचं. उन्हं चढली की डोंगरउतारावरून तापलेली हवा वर येते आणि बिंबाची कड थरथरू लागते, म्हणून पहिल्या काही तासांतच प्लेट उरकावी लागते. १९०४ पासून पांढऱ्या प्रकाशातले आणि कॅल्शियमचे, १९१२ पासून हायड्रोजनच्या तांबड्या रेषेतले फोटो असा तिहेरी क्रम लागला. पावसाळ्यात ढगांमुळे खंड पडे, बाकी तो तुटला नाही. महायुद्धं झाली, साहेब गेले, देश स्वतंत्र झाला. प्लेटी काढणं चालू राहिलं. वेधशाळेतल्या एका कुटुंबाच्या तीन पिढ्यांनी हे काम केलं आहे. अशा माणसांची नावं शोधनिबंधांच्या डोक्यावर येत नाहीत, पण संस्था त्यांच्यावर उभी असते.

१९०८ साली हेल यांनी माउंट विल्सनहून मोठीच बातमी दिली. प्रकाश देणारा पदार्थ चुंबकाच्या प्रभावाखाली असेल तर वर्णपटातली एक रेषा फुटून दोन-तीन होतात, हे डच शास्त्रज्ञ पीटर झीमन यांनी १८९६ मध्ये प्रयोगशाळेत पाहिलं होतं. हेल यांना सौरडागांच्या वर्णपटात रेषा तशाच फुटलेल्या दिसल्या. सौरडाग म्हणजे प्रचंड ताकदीचं चुंबकीय क्षेत्र असलेली जागा. मोठ्या डागात ते तीन हजार गाउसच्या घरात जातं; आपल्या पृथ्वीचं जमिनीपाशी जेमतेम अर्धा गाउस असतं. डागाभोवतीचा हायड्रोजन भोवऱ्यासारखा फिरलेला हेल यांच्या फोटोंत दिसत होता. तेव्हा डाग हा वायूचा भोवरा असावा आणि फिरणाऱ्या विद्युतभारित कणांमुळे चुंबकत्व येत असावं, असा तर्क त्यांनी केला होता.

एव्हरशेड यांनी तो तर्क तपासायला घेतला. ५ जानेवारी १९०९ रोजी त्यांनी बिंबाच्या मध्यापासून बाजूला असलेल्या डागाचा वर्णपट घेतला. डागाचा गाभा काळाभोर असतो आणि त्याभोवती फिकट रंगाची तंतुमय झालर असते. झालरीवरून जाताना वर्णपटातल्या रेषा जागच्या हललेल्या होत्या. सूर्याच्या मध्याकडच्या बाजूला त्या जांभळ्याकडे सरकलेल्या, कडेच्या बाजूला तांबड्याकडे. म्हणजे एका बाजूचा वायू आपल्याकडे येतो आहे, दुसऱ्या बाजूचा दूर जातो आहे. इथपर्यंत भोवराही चालला असता. पण एव्हरशेड यांनी फट फिरवून पाहिली. फट सूर्यबिंबाच्या त्रिज्येवर ठेवली की सरक दिसे, त्रिज्येशी काटकोनात ठेवली की नाहीशी होई. भोवऱ्यात याच्या नेमकं उलट झालं असतं. याचा अर्थ एकच निघत होता: वायू डागाभोवती फिरत नाही, गाभ्याच्या काठापासून बाहेर सगळीकडे, पृष्ठाला जवळपास समांतर, वाहत जातो. वेग सेकंदाला दोन किलोमीटरच्या आसपास. वेधशाळेच्या पंधराव्या बुलेटिनमध्ये त्यांनी हे जाहीर केलं. जगात तो ‘एव्हरशेड परिणाम’ म्हणून ओळखला जातो. झालरीतलं आडवं कललेलं चुंबकीय क्षेत्र आणि खालून उसळणारा तप्त वायू यांच्या झटापटीतून हा प्रवाह निघतो, असं आता मानतात. त्याच्या तपशिलांवर अजून काम चालू आहे. डिसेंबर २००८ मध्ये या शोधाच्या शताब्दीनिमित्त आंतरराष्ट्रीय परिषदही झाली. मला स्वतःला त्यात सर्वांत मोह पडतो तो फट फिरवून पाहण्याच्या साधेपणाचा.

एव्हरशेड १९११ ते १९२३ संचालक होते. त्यांच्यामागून आलेले थॉमस रॉइड्स हे रदरफर्ड यांचे सहकारी. अल्फा कण म्हणजे हेलियमच, हे १९०९ मध्ये सिद्ध करणाऱ्या दोघांपैकी एक. १९३७ साली ए. एल. नारायण हे पहिले भारतीय संचालक झाले. १८९९ पासून वेधशाळा हवामान खात्याच्या ताब्यात होती आणि १९२८ मध्ये खात्याचं मुख्यालय शिमल्याहून पुण्याला आलं. शिवाजीनगरच्या ज्या चौकाला पुणेकर अजून ‘शिमला ऑफिस’ म्हणतात, तिथून या डोंगरावरच्या वेधशाळेचा कारभार काही वर्षं हाकला गेला. पुढे मुख्यालय दिल्लीला गेलं.

१९४६ ते १९६० ही कारकीर्द अनिलकुमार दास यांची. १९५७-५८ हे आंतरराष्ट्रीय भूभौतिक वर्ष होतं आणि योगायोगाने सूर्यही तेव्हा भरात होता. डागांच्या नोंदी सुरू झाल्यापासूनचं सर्वांत जोरकस चक्र, एकोणिसावं, तेव्हा कळसाला पोचलं होतं. दास यांच्या खटपटीने बोगदा-दुर्बीण आली. ११ मीटर उंचीच्या मनोऱ्यावर ६१ सेंटिमीटरचा आरसा सूर्याबरोबर फिरतो, दुसऱ्या-तिसऱ्या आरशांवरून प्रकाश जमिनीखालच्या ६० मीटर लांब आडव्या बोगद्यात शिरतो आणि ३८ सेंटिमीटरच्या भिंगातून ३४ सेंटिमीटर व्यासाचा सूर्य आत उमटतो. याच दुर्बिणीमुळे चुंबकीय क्षेत्राचं थेट मोजमाप इथे शक्य झालं. साठच्या दशकात जे. सी. भट्टाचार्य यांनी त्यासाठी चुंबकमापक यंत्र इथेच घडवलं.

१९६० मध्ये वेणू बाप्पू संचालक झाले. त्याआधी ओलिन विल्सन यांच्याबरोबर त्यांनी दाखवलं होतं, की ताऱ्याच्या वर्णपटात कॅल्शियमच्या ‘के’ रेषेच्या मधोमध उठणारी उजळ रेघ जितकी रुंद, तितका तारा मुळात तेजस्वी. कोडाईकनालच्या प्लेटींमधलीच ही रेषा. बाप्पूंनी संस्थेला हवामान खात्यातून बाहेर काढलं. १ एप्रिल १९७१ पासून ती भारतीय खगोलभौतिकी संस्था या स्वायत्त संस्थेचा भाग झाली. मुख्यालय बंगळूरला गेलं आणि रात्रीच्या आकाशासाठी कावलूरची वेधशाळा वाढली. कोडाईकनालला सूर्य राहिला.

आता त्या प्लेटींकडे. त्या काढायला सुरुवात झाली तेव्हा सूर्याच्या संपूर्ण बिंबावरचं चुंबकीय क्षेत्र मोजण्याचं साधन जगात कुठेच नव्हतं. ते हॅरल्ड आणि होरेस बॅबकॉक या पितापुत्रांनी १९५० च्या दशकात केलं आणि त्यातूनच कळलं, की सूर्याचे उत्तर-दक्षिण चुंबकीय ध्रुव चक्राच्या ऐन भरात उलटतात. डागांच्या जोड्यांची दिशाही दर चक्राला उलटते, हे हेल यांनी आधीच दाखवलं होतं. डागांचं एक चक्र सरासरी अकरा वर्षांचं; त्यामुळे पुरता फेरा अकरा नव्हे, बावीस वर्षांचा. पण १९५० च्या आधी ध्रुव कधी उलटले, हे कसं कळणार? हायड्रोजनच्या प्लेटींवर काळसर, लांबट तंतू दिसतात. हे तंतू नेमके दोन विरुद्ध चुंबकीय भागांच्या सीमारेषेवर तरंगत असतात. सीमा ध्रुवाकडे सरकत जाते आणि ती ध्रुवावर पोचली की ध्रुव उलटला. के. आर. शिवरामन आणि रशियाचे व्ही. आय. माकारोव्ह यांनी १९८० च्या दशकात जुन्या प्लेटींवरचे तंतू मोजून विसाव्या शतकाच्या सुरुवातीपासूनच्या उलटापालटीच्या तारखा बसवल्या. काही चक्रांत एकच ध्रुव तीनदा उलटल्याचंही त्यांना आढळलं. ज्यांनी १९१५ साली ती प्लेट धुतली, त्यांना आपण चुंबकीय नकाशा जपतो आहोत, याची कल्पनाही नव्हती. कॅल्शियमच्या प्लेटींचंही तसंच. त्यांवरचे उजळ पट्टे चुंबकीय क्षेत्र बळकट असलेल्या जागीच असतात.

पांढऱ्या प्रकाशातल्या फोटोंचा उपयोग आणखी वेगळा झाला. डागांच्या जोड्या विषुववृत्ताला थोड्या तिरप्या असतात आणि हा तिरपेपणा पुढच्या चक्रासाठी ध्रुवांवर किती क्षेत्र साठेल, हे ठरवतो. कोडाईकनाल आणि माउंट विल्सनच्या जुन्या फोटोंवरून शिवरामन, गुप्ता आणि हॉवर्ड यांनी हे तिरपे कोन मोजून ठेवले. त्यांवरून २०१० मध्ये असं दिसलं, की जोरकस चक्रांत तिरपेपणा कमी असतो. सूर्य स्वतःला आवर घालतो तो कदाचित असा. यावर अजून वाद चालू आहे आणि त्या वादात दोन्ही बाजू याच प्लेटींवर बोट ठेवतात.

त्या प्लेटींचं आता डिजिटायझेशन झालं आहे आणि त्या जगातल्या कुणाही अभ्यासकाला खुल्या आहेत. चौदाव्या चक्रापासूनचा सूर्य त्यांत आहे. कॅल्शियमच्या जुन्या यंत्राने २००७ पर्यंत काम केलं. २००८ पासून जुळी दुर्बीण सीसीडी कॅमेऱ्याने फोटो घेते. जुन्या काचेवरचा काळसरपणा आणि नव्या कॅमेऱ्यातले आकडे यांचा सांधा बसवणं किचकट आहे. प्लेटीचा रसायनलेप, धुण्याची रीत, त्या दिवशीची हवा, सगळ्याचा हिशेब लावावा लागतो. या कामाला आता अवकाशातूनही ताडून पाहण्याची सोय झाली आहे. २ सप्टेंबर २०२३ रोजी निघालेल्या आदित्य-एल१ वर बंगळूरच्या संस्थेने बनवलेला, सूर्याभोवतीच्या करोनाचे वेध घेणारा करोनालेखक आहे आणि पुण्याच्या आयुका या संस्थेने बनवलेली ‘सूट’ ही अतिनील दुर्बीणही. ‘सूट’ कॅल्शियमच्या ‘एच’ रेषेत पूर्ण सूर्य टिपते. ही ‘के’ रेषेचीच सख्खी बहीण. मे २०२४ च्या मोठ्या सौरवादळात संस्थेच्या लडाखमधल्या हानले वेधशाळेतून तांबडी आभा कॅमेऱ्यात आली.

यापुढची योजनाही लडाखमधलीच आहे. अधिक चांगल्या हवेच्या शोधात एव्हरशेड १९१५ साली काश्मीरला उपकरणं घेऊन गेले होते. संस्थेला आता पँगाँग सरोवराच्या काठी मेरक इथे २ मीटर व्यासाची राष्ट्रीय सौर दुर्बीण उभारायची आहे. एवढ्या विस्तीर्ण पाण्यावरची हवा दिवसाही फारशी ढवळत नाही, म्हणून ही जागा.